माहीमचे नऊ बुधवार: सेंट मायकल चर्चमधील नोव्हेनेविषयी

माझ्या आईच्या नावात एक रफार आहे. वडिलांच्या सेवापुस्तकात तो आहे, बँकेच्या खात्यात तो नाही, आणि आधार कार्डावर इंग्रजीवरून मराठी करताना त्याच्या जागी भलताच काना येऊन बसला आहे. वडील गेल्यापासून आईला मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन, खात्यांची नव्याने पडताळणी सुरू झाली तेव्हा, या एका रफारामुळे थांबले, आणि एका कार्यालयाच्या खिडकीपासून दुसऱ्या खिडकीपर्यंत पाच महिने फिरूनही ते सुरू होईना. मी दादरच्या एका छापखान्यात मुद्रितशोधकाचे काम करते. दुसऱ्यांच्या मजकुरातले रफार दिवसभर जागच्या जागी बसवणाऱ्या बाईला स्वतःच्या आईचा रफार बसवता येऊ नये, यावर आमच्या छापखान्यात बरेच हसून झाले.

अशा वेळी आमच्या कुर्ल्याच्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या कॅथलिक समाजातल्या, शेजारीणबाईंनी, ज्यांना आम्ही सगळे मावशी म्हणतो, मला माहीमची नोव्हेना, म्हणजे नऊ वेळा करायची कॅथलिक प्रार्थना, सुचवली. "नऊ बुधवार धर बाय, मधला एकही सोडू नको, मंग बघ," एवढेच त्या म्हणाल्या. आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले प्रोटेस्टंट. आमच्या घरात प्रार्थना होते ती थेट देवाजवळ, अभंगाच्या चालीवरची भजने म्हणून आणि शास्त्राचा एखादा अध्याय वाचून. मूर्ती, चित्र, मेणबत्ती यांपैकी काहीही मध्ये नसते. पवित्र मरियेच्या मध्यस्थीने मागणे मागायचे ही गोष्ट मला परकी होती आणि आईला तर थोडी खटकणारीच. तरीही मी गेले, नऊही बुधवार गेले, आणि त्या अनुभवाविषयी लिहावे असे वाटले याचे कारण असे की माहीमच्या नोव्हेनेबद्दल ऐकू येते ते बहुधा एकाच प्रकारचे असते: अमक्याला नोकरी लागली, तमकीला मूल झाले. उपाहारगृहाबद्दल किंवा दवाखान्याबद्दल आपण जसे तपशिलात विचारतो, तसे या ठिकाणाबद्दल कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही.

आधी ठिकाण. लेडी जमशेटजी मार्ग जेथे संपतो आणि वांद्र्याकडे जाणारा माहीम कॉजवे जेथे सुरू होतो, त्या कोपऱ्यावर सेंट मायकल चर्च आहे. मुंबईतल्या सर्वांत जुन्या पोर्तुगीज चर्चपैकी हे एक. मात्र आज दिसणारी वास्तू १९७३ ची आहे, त्यामुळे जुन्या दगडी भिंती आणि काळवंडलेले लाकूड पाहण्याच्या अपेक्षेने कोणी जाऊ नये. आत मोकळा, उंच, आधुनिक सभामंडप आहे. इतिहासात रस असणाऱ्यांसाठी एक गोष्ट: मराठ्यांच्या १७३९ च्या वसई मोहिमेच्या धामधुमीत वांद्र्याच्या मोत माउलीची (माउंट मेरीची) मूर्ती याच चर्चमध्ये आणून ठेवली होती आणि ती पुढे १७६१ मध्ये वांद्र्याला परत गेली. संकटात आसरा देण्याची या जागेची सवय अशी जुनी आहे. बुधवारची नोव्हेना मात्र त्यामानाने अलीकडची. ती ८ सप्टेंबर १९४८ रोजी सुरू झाली. त्या दिवशी बुधवार होता आणि मरियेच्या जन्माचा सणही होता, ज्या सणाला जोडून वांद्र्याची जत्रा भरते.

नोव्हेना हा शब्द लॅटिनमधल्या नऊ या अंकावरून आला आहे. येशूच्या स्वर्गारोहणानंतर त्याचे शिष्य आणि मरिया पवित्र आत्म्याची वाट पाहत एकत्र प्रार्थना करत राहिले, ते दिवस नऊ भरतात, आणि त्यावरून ही प्रथा पडली असे कॅथलिक परंपरा सांगते. माहीमला नऊ दिवसांऐवजी नऊ बुधवार धरतात. सकाळपासून संध्याकाळपर्यंत इंग्रजी, कोकणी, मराठी, हिंदी, तमिळ अशा वेगवेगळ्या भाषांत नोव्हेना होत राहतात. मराठी नोव्हेनेची वेळ आधी विचारून जावे. मला छापखान्याच्या वेळेमुळे चारच बुधवार मराठी साधता आली. उरलेल्या पाचांपैकी दोन कोकणीत काढल्या, ज्यातले निम्मे कळले आणि उरलेले निम्मे चालीवरून समजून घेतले.

दादरहून जाणाऱ्यांनी माहीम स्थानकाला पश्चिमेला उतरून चालत जाणे सर्वांत सोयीचे. बुधवारी त्या भागात टॅक्सीत बसणे म्हणजे पैसे देऊन रस्त्यात उभे राहणे आहे. चर्चच्या जवळ येऊ लागल्याची खूण म्हणजे मेणाचा वास आणि विक्रेत्यांच्या टोपल्या. या टोपल्यांविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण पहिल्यांदा जाणारा माणूस अडतो तो तिथेच.

टोपलीत साध्या मेणबत्त्या असतात, आणि त्यांच्याजवळ मेणाचे हात, पाय, डोळे, बाळे, घरे असतात. विमानही असते, परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी. ज्याचा गुडघा दुखतो त्याने पाय घ्यायचा, ज्याला जागा हवी त्याने घर घ्यायचे, आणि आत जाऊन ते अर्पण करायचे. पहिल्या बुधवारी एका विक्रेत्याने मला विचारले, "ताई, काम काय आहे?" मी म्हटले, आईची पेन्शन अडली आहे, नावात चूक आहे. त्याने टोपलीवरून एकदा हात फिरवला. कागदाच्या, शिक्क्याच्या किंवा सहीच्या आकाराचे मेण त्याच्याजवळ नव्हते. अखेर त्याने एक पूर्ण बाई काढली, साडी नेसलेली, वीतभर उंचीची, आणि म्हणाला, "आईसाठी आहे ना, मग पूर्ण आईच द्या." त्याच्या हजरजबाबीपणाला दाद देऊनही मी साधी मेणबत्तीच घेतली. माझ्या संस्कारांत मेणाची आई बसत नव्हती. भाव करायचा असेल तर करावा. भाव बराचसा घेणाऱ्याच्या चेहऱ्यावर ठरतो, आणि काळजीत असलेल्या माणसाचा चेहरा विक्रेत्याला लांबूनच वाचता येतो, एवढे ध्यानात ठेवावे. हे सारे चर्चच्या बाहेरचे आहे. आत कोणी काही विकत नाही आणि मेण आणले नाही म्हणून कोणी अडवतही नाही.

आत गेल्यावर माझे लक्ष पहिल्यांदा गेले ते माणसांकडे. माझ्या बाकावर एका बाजूला मंगळसूत्र घातलेल्या दोन बायका होत्या, पुढच्या बाकावर बुरखा घातलेली एक मुलगी आईबरोबर होती, आणि शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या ओठांवर प्रार्थनेचे शब्द पुस्तकाशिवाय येत होते. ख्रिस्ती किती आणि इतर किती हे सांगता येणार नाही, पण आपण कोण हे तिथे कोणी कोणाला विचारत नाही. ज्या शहरात घर भाड्याने घेतानाही आडनाव आधी सांगावे लागते, त्या शहरात ही गोष्ट लहान नाही.

ज्या चित्रासमोर ही प्रार्थना होते ते सतत साहाय्य करणाऱ्या मातेचे चित्र म्हणून ओळखले जाते. मूळ चित्र रोममध्ये आहे. पोप नववे पायस यांनी ते रिडेम्प्टरिस्ट या कॅथलिक धर्मसंघाच्या स्वाधीन केले आणि १८६६ पासून ते संत आल्फोन्सस यांच्या नावाच्या चर्चमध्ये आहे. जगभर त्याच्या प्रती पूजल्या जातात. माझ्यासारख्या चित्राविना वाढलेल्या बाईलाही ते पुन्हा पुन्हा पाहावेसे वाटले. सोनेरी पार्श्वभूमीवर गडद निळ्या वस्त्रातील मरिया आणि तिच्या कडेवर बाळ येशू. दोन्ही बाजूंना वरच्या कोपऱ्यांत दोन देवदूत: गाब्रिएलच्या हातात क्रूस आणि खिळे, मिखाएलच्या हातात भाला आणि आंबेत (आंबट द्राक्षारसात) बुडवलेला स्पंज. म्हणजे ज्या मिखाएलच्या नावाने हे चर्च आहे, तोच या चित्रात बाळाच्या पुढल्या यातनांची साधने घेऊन उभा आहे. बाळाने मान वळवून ती साधने पाहिली आहेत. दोन्ही हातांनी त्याने आईचा हात धरला आहे, आणि घाईघाईत तिच्याकडे झेपावताना एका पायातली चप्पल सुटून नुसत्या बंदावर लोंबकळते आहे.

त्या लोंबकळणाऱ्या चपलेने मला तिसऱ्या बुधवारपासून धरून ठेवले. आई देवदूतांना हाकलत नाही. क्रूस नाहीसा होत नाही, भाला खाली जात नाही. तिने फक्त हात दिला आहे आणि तिची नजर बाळाकडे नसून समोर उभ्या राहिलेल्या आपल्याकडे आहे. ज्या चित्रापुढे इतके लोक अडचण दूर कर म्हणून येतात, त्या चित्रात अडचण जशीच्या तशी रंगवलेली आहे, आणि तरीही नाव आहे सतत साहाय्य. देवाच्या हस्तक्षेपाचा हा अर्थ चित्रकाराने इतक्या उघडपणे समोर मांडला असताना मेणाच्या विमानाजवळ आपण त्याचा वेगळाच अर्थ करतो, हे मला थोडे गमतीचे आणि थोडे दुःखाचे वाटले.

आता पत्रांविषयी. नोव्हेनेत भाविकांची पत्रे हा एक मोठा भाग आहे. विनंतीची पत्रे असतात आणि आभाराचीही असतात; आभाराची पत्रे वाचली जाताना सभामंडपात जी शांतता पसरते ती ऐकण्यासारखी आहे. एरवी खोकणारी, पोरांना दटावणारी, पिशवीत चाळवाचाळव करणारी ती सगळी गर्दी त्या वेळी कान देऊन बसते. प्रत्येक जण आपल्यासारखी गोष्ट शोधत असतो. मीही शोधत होते. माझी नोंद स्पष्ट असावी म्हणून लिहिते की या पत्रांबद्दल माझ्या मनात एक आक्षेप आहे आणि तो नऊ बुधवारांनंतरही गेला नाही. ज्यांचे काम झाले ते लिहितात. ज्यांचे झाले नाही ते गप्प बसतात, किंवा येणे सोडतात, किंवा नव्याने नऊ बुधवार धरतात. त्यामुळे आभाराची पत्रे ऐकून ऐकून असा समज होऊ शकतो की नऊ बुधवार हा एक भाव आहे आणि तो मोजला की माल मिळतो. ख्रिस्ती विश्वास असे काही सांगत नाही. प्रेषित पौलाने आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून प्रभूला तीनदा विनवले आणि काटा निघाला नाही. कृपा पुरेशी आहे एवढेच उत्तर त्याला मिळाले. पौलाचे ते पत्र गेली दोन हजार वर्षे चर्चमध्ये वाचले जाते, पण ते आभाराच्या पत्रांच्या पेटीत बसले असते की नाही याची मला शंका आहे.

मध्यस्थीचा माझा प्रश्न मात्र वेगळ्या वाटेने सुटला. पाचव्या बुधवारी रेल्वेने घरी परतताना मला काना गावच्या लग्नाची गोष्ट आठवली, जी मी लहानपणापासून रविवारच्या शाळेत ऐकत आले आहे आणि जिच्यातली मरिया मी तोवर नीट पाहिलीच नव्हती. लग्नघरातला द्राक्षारस संपतो. मरिया येशूला काय करावे हे सांगत नाही, किती घागरी लागतील हे सांगत नाही. काय संपले आहे एवढेच सांगते. नोकरांना म्हणते की तो सांगेल तसे करा. आणि मग नोकर काय करतात? दगडाचे सहा मोठे रांजण काठोकाठ पाण्याने भरतात. शुद्धीकरणाच्या पाण्यासाठीचे ते रांजण, प्रत्येकात दोन-तीन मण पाणी मावणारे. लग्नाच्या गर्दीत विहिरीवर खेपा घालणाऱ्या त्या नोकरांना यातून काय निघणार याची कल्पना नव्हती. चमत्कार झाला तो या खेपांच्या नंतर. मला माझ्या कार्यालयीन खेपा एकदम वेगळ्या दिसू लागल्या. तोवर मी बुधवारी देवाकडे जात होते आणि गुरुवारी खिडकीवर, जणू पहिले यशस्वी झाले असते तर दुसरे करावे लागले नसते.

सहाव्या बुधवारची गोष्ट मी शक्य तितक्या काटेकोरपणे सांगते. चित्राजवळ जाण्याच्या रांगेत माझ्या पुढे साठीच्या एक बाई होत्या. रांगेत माहीमला सगळेच एकमेकांना कारण विचारतात, दवाखान्यात विचारतात तसे. मी रफाराची हकीकत सांगितली. त्या निवृत्त होण्यापूर्वी एका सरकारी कार्यालयात आस्थापना शाखेत होत्या. त्यांनी विचारले, "आईवडिलांचे लग्न चर्चमध्ये लागले ना? मग नोंदवहीचा उतारा कुठे आहे?" भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ चा आहे, त्यानुसार लग्नाची नोंद वहीत व्हावी लागते, आणि त्या वहीत वधूवरांच्या आणि साक्षीदारांच्या सह्या असतात. माझ्याजवळ नोटरीचे प्रतिज्ञापत्र होते, दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत असे सांगणारे. पण लग्नाच्या दिवशीचा, दोघांच्या सहीचा कागद मी मागवलाच नव्हता. पुढच्या रविवारी नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या चर्चमध्ये चुलतभावाने वही उघडली. त्याने मोबाइलवर पाठवलेल्या छायाचित्रात आईच्या नावावरचा रफार शाईने इतका ठसठशीत काढला होता की खालच्या ओळीला टेकला होता. आईने तो फोटो बोटांनी मोठा करून पाहिला आणि पहिल्यांदा वडिलांच्या सहीवरच थांबली.

हा देवाचा हस्तक्षेप होता का? मावशी म्हणतात, होताच. छापखान्यातला माझा सहकारी म्हणतो, योग्य कारकुनाला विचारले असते तर पहिल्याच महिन्यात कळले असते. दोघांचेही खरे असू शकते असे मला वाटते. नोंदवही आमच्याच चर्चमध्ये इतकी वर्षे होती, पण मी ती मागितली ती माहीमच्या रांगेत उभी राहिल्यानंतर, आणि रांगेत उभी राहिले ती माझ्या हातून काही होत नाही हे मान्य केल्यानंतर. देव आकाशातून कागद टाकतो असे मी कधी मानले नाही. तो माणसांच्या रांगा लावतो, हे मानायला मला आता अडचण वाटत नाही.

नवव्या बुधवारपर्यंत पैसे आले नव्हते. उतारा जमा झाला होता आणि कार्यालयाने कळवू असे सांगितले होते. त्या दिवशी आईने मलाही घेऊन चल असा हट्ट धरला. गुडघ्यांमुळे तिला फार वेळ उभे राहता येत नाही, म्हणून आम्ही नोव्हेना सुरू होण्याच्या बरेच आधी गेलो आणि दाराजवळच्या बाकाची कड मिळवली. तिने पिशवीतून घडी घातलेला कागद काढला आणि मला लिहायला सांगितले. मी समजले विनंतीचे पत्र असेल. तिने सांगितले ते आभाराचे होते: नवऱ्याची सही परत पाहायला मिळाली म्हणून. मी म्हटले, आई, पेन्शन अजून सुरू झालेली नाही, आभार कसले? ती म्हणाली, "पैसे आल्यावर मानले तर ती पावती झाली. तू लिही." मी लिहिले. नावात रफार तिने स्वतः दिला. ते पत्र वाचले गेले की नाही हे मला ठाऊक नाही. तिला त्याची उत्सुकताही नव्हती.

निवृत्तिवेतन त्यानंतर दोन आठवड्यांनी सुरू झाले. थकबाकी अजून यायची आहे.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. पाकीट आणि मोबाइल पुढच्या बाजूला सांभाळावेत, कारण अशी गर्दी कुठेही असो, सगळेच हात जोडण्यासाठी आलेले नसतात. पावसाळ्यात कॉजवेकडून येणाऱ्या वाऱ्यात छत्री उलटते, रेनकोट बरा. महिन्याच्या पहिल्या बुधवारी किंवा सणाच्या आसपास जाणार असाल तर बसायला मिळेल असे धरून चालू नये. वृद्धांना दुपारच्या वेळी न्यावे. विनंतीचे पत्र घरून लिहून न्यावे, कारण तिथे गुडघ्यावर कागद ठेवून लिहिताना माणूस एक तर फार लिहितो किंवा काहीच लिहीत नाही. पत्रात उपाय सांगू नये, काय संपले आहे तेवढे लिहावे, असा माझा स्वतःचा सल्ला आहे. पण तो मानलाच पाहिजे असे नाही. ज्यांना एकांतात, शांतपणे प्रार्थना करायची आहे त्यांनी बुधवार सोडून दुसरा कोणताही दिवस निवडावा. बुधवारी तिथे एकांत मिळत नाही, आणि खरे तर बुधवारी जायचे ते एकांतासाठी नाहीच. आजारपण असेल तर नोव्हेनेसाठी औषध किंवा डॉक्टरांची भेट पुढे ढकलू नये. हे सांगावे लागू नये, पण रांगेत ऐकलेल्या दोन-तीन गोष्टींमुळे सांगते आहे.

पाचपैकी किती तारे, असे माझ्या भाचीने विचारले, कारण तिच्या पिढीला अभिप्राय म्हणजे तारे वाटतात. मरियेच्या कपाळावर त्या चित्रात एक तारा आहे, तो पुरे, असे मी तिला सांगितले आणि ती कंटाळून निघून गेली. आईने मात्र पुढच्या बुधवारसाठी आतापासून तयारी केली आहे. मावशींच्या सुनेचे बाळंतपण जवळ आले आहे आणि दोघी मिळून जाणार आहेत. मेणाचे बाळ घ्यायचे की साधी मेणबत्ती, यावर दोघींचे अजून एकमत झालेले नाही.